मदत हवी आहे: ऑस्कर ‘येतो’ म्हणेल की ‘येते’?

मंडळी, भाचीसाठी ‘द रोझ ऑफ व्हर्साय’ या जपानी ॲनिमे मालिकेचे (१९७९-८०, ४० भाग) संवाद मराठीत लिहितेय आणि पहिल्याच भागात अडलेय. जनरल जार्जेंना मुलगा हवा होता, म्हणून त्यांनी धाकट्या मुलीचं नाव ऑस्कर ठेवलं, हाती तलवार दिली. पुढे ती फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीच्या रक्षकदलाची प्रमुख होते. ती बाई आहे हे दरबाराला ठाऊक असतं, ती काहीच लपवत नाही. म्हणूनच मला ती इतकी आवडते!

जपानी क्रियापदाला लिंग नसतं, आपल्याला मात्र वाक्यागणिक ठरवावं लागतं. आमच्या कोल्हापूरकडे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात, म्हणून मी सैनिकांसमोर बिनधास्त ‘जातो’ लिहिलं. पण ज्याच्यावर तिचं मन जडलंय त्या फेर्सनसाठी ती एकदाच झगा घालून नाचायला जाते, तिथे माझा हात थांबला.

प्रसंगानुसार रूप बदलू, की शेवटाकडच्या बास्तीय (बॅस्टिल) किल्ल्याच्या लढाईपर्यंत एकच ठेवू? आणि लहानपणापासूनचा सोबती आंद्रे तिला ‘आलास’ म्हणेल की ‘आलीस’? नाटकाचे किंवा डबिंगचे संवाद लिहिणाऱ्यांनी जरूर सांगा.