अनुभव धागा: आयसीयूत शिकताना आणि शिकवताना (ठाणे, नवी मुंबई)

धागाकर्ता, इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचा तज्ज्ञ डॉक्टर), ठाणे

आयसीयूत शिकवायला वेळ नसतो, हे मी इथल्या बहुतेक कन्सल्टंटच्या तोंडून ऐकलंय. खरंही आहे ते. पण आहे त्या वेळात शिकवायची पद्धत तरी बदलता येते का? डॉक्टर, सिस्टर, अ‍ॅम्ब्युलन्सवाले, सगळ्यांनी लिहा. तत्त्वज्ञान नको, काय केलं आणि काय फरक पडला तेवढं सांगा.

सुरुवात मी करतो. रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) केस सांगायचा, मी ऑर्डर द्यायचो, तो उतरवून घ्यायचा, आणि याला आम्ही टीचिंग राऊंड म्हणायचो! आता नियम असा: नॉरअ‍ॅड (बीपी चढवणारं औषध) वाढवायचं की सलाईन द्यायचं, हे आधी त्याने बोलायचं. आणि अर्ध्या तासाने काय दिसेल तेही. मीन प्रेशर (सरासरी बीपी) ६५ च्या वर टिकेल का? बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडल्यावर तीन सेकंदांच्या आत रंग परत येईल का? मग अर्ध्या तासाने दोघांनी त्याच बेडपाशी जायचं. (रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे शॉक किती आहे ते सांगणारा आकडा, इतक्या लवकर हलत नाही, ते नंतर.) अंदाज चुकला तर चर्चा, टोमणे नाहीत. आधी बोलून बसलेला पोरगा मॉनिटरकडे बघतो ते वेगळंच. राऊंड लांबतो, हे कबूल.

आयसीयू इन्चार्ज सिस्टर, नेरूळ

नवीन मुली आधी अलार्मला घाबरतात आणि थोड्या दिवसांनी तो नुसता बंद करायला शिकतात. मला दुसऱ्या प्रकाराची जास्त भीती वाटते.

म्हणून नाईटला जरा शांत असलं की रिकाम्या बेडचा व्हेंटिलेटर व्हॉल्यूम मोडवर (प्रत्येक श्वासाला ठरलेली हवा) टेस्ट लंगला, म्हणजे फुप्फुसाच्या जागी लावायच्या रबरी पिशवीला, जोडते. एकीला सांगते, ट्यूबिंग थोडी मुडप. हाय प्रेशरचा अलार्म होतो. मग श्वास आत असताना होल्डचं बटण दाबायला लावते. पीक (हवा आत ढकलतानाचं सर्वांत जास्त प्रेशर) वर गेलेलं असतं, प्लॅटू (हवा थांबल्यावरचं प्रेशर) जागच्या जागी. म्हणजे अडथळा वाटेत आहे: ट्यूब चावली, कफ साचला, नळी दुमडली. मग ट्यूबिंग सोडायची आणि टेस्ट लंगच दोन्ही हातांनी आवळायची. आता दोन्ही आकडे चढतात, म्हणजे दुखणं फुप्फुसात किंवा छातीत. हाताने एकदा केलं की पाठ करावं लागत नाही. कोणी केरळची, कोणी लातूरची, माझं हिंदी दिव्य, पण ही भाषा सगळ्यांना कळते.

सॅच्युरेशन पडलं की चार प्रश्न विचारायचे: ट्यूब सरकली का, चोंदली का, छातीत हवा भरली का, मशीन बिघडलं का. सुचेना तर मशीन काढ, शंभर टक्के ऑक्सिजनवर अंबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) कर आणि हाक मार. रात्री तीनला हाक मारली म्हणून माझ्याकडे कोणाला बोलणी बसत नाहीत.

रेसिडेंट, ठाणे जिल्हा

शिकणाऱ्यांची बाजू मांडतो. नातेवाइकांसमोर झापलं की त्या दिवशी डोक्यात काही शिरत नाही. पुढच्या वेळी सरांना नको ते कळू कसं द्यायचं नाही, एवढंच आम्ही शिकतो. कुठलं हॉस्पिटल ते विचारू नका.

उलट एका मॅडमनी माझ्या हातात शिंप्याची टेप दिली. पेशंट एआरडीएसची (फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घेईनाशी होतात तो आजार) बाई, वजन ८० किलो, उंची १५५ सेंमी. मी किलोला ६ मिली धरून टाइडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) ४८० लावायला निघालो होतो. मॅडम म्हणाल्या, ‘जाड झाल्यावर फुप्फुस वाढतं का रे? उंची मोज.’ बाईंसाठी उंचीवरून धरायचं वजन: ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (सेंमीतली उंची वजा १५२.४). आलं जेमतेम ४८ किलो, म्हणजे २९० च्या आसपास. ४८० म्हणजे किलोला १० मिली! मग त्यांनी २००० सालची ती मोठी अमेरिकन चाचणी सांगितली: किलोला १२ मिलीच्या गटात मृत्यू ३९.८ टक्के, ६ मिलीच्या गटात ३१. हे परीक्षेसाठी आधी वाचलं होतंच, पण समजलं टेप हातात आल्यावर.

अस्थिरोगतज्ज्ञ, वाशी

२०२० मध्ये आम्हा हाडवाल्यांनाही कोविड ड्युटी लागली. ऑक्सिजन वाढावा म्हणून पेशंट पालथा कसा करायचा हे पीपीई घालून, बोलणं नीट ऐकू येत नसताना शिकलो. डोक्याशी उभा राहणारा ट्यूब धरणार आणि आकडे तोच मोजणार, बाकी सगळे गप्प. आधी कोरडी तालीम व्हायची, पेशंटच्या जागी वॉर्डबॉय. तो पेशंट व्हायला मिळालं म्हणून खूश असायचा, तेवढीच पाठ टेकायची! आज ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट पालथा करताना मी तीच पद्धत वापरतो.

भूलतज्ज्ञ, ठाणे

सगळं छान, पण एका सिस्टरकडे चार व्हेंटिलेटर असतील तर ती टेस्ट लंगशी कधी खेळणार? माणसं द्या, मग पद्धती सुचवा. आणि सिम्युलेशनचं (पुतळ्यावर वगैरे सराव) एवढं कौतुक चाललंय. महागडा पुतळा आणून कपाटात कुलूपबंद ठेवलेला मी पाहिलाय. वर्कशॉप, सर्टिफिकेट, फोटो, संपलं.

इंटर्नना मात्र मी एक गोष्ट आवर्जून सांगते. अंबू दाबायला दिली की त्यांची तोंडं वाकडी होतात. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत ट्यूब घालून हाताने श्वास द्यायची पद्धत आणली, आणि त्या पिशव्या रात्रंदिवस पाळीपाळीने दाबल्या त्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी. आजचं आयसीयू तिथून निघालं. हे ऐकल्यावर पिशवी जरा नीट दाबली जाते.

अ‍ॅम्ब्युलन्स डॉक्टर, घोडबंदर

माझ्याबरोबर येणाऱ्या नवीन डॉक्टरला निघण्यापूर्वी तोंडी गणित घालतो. बी टाइप सिलेंडर भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर. काटा निम्म्यावर, पेशंटला मिनिटाला १० लिटर. किती वेळ? पंचाहत्तर मिनिटं. आता सांग, घोडबंदर रोडवर गायमुखला कंटेनर आडवा झाला तर? उत्तर ‘दुसरा सिलेंडर’ असं आलं की गाडी निघते.

मेडिकल सोशल वर्कर, पनवेल

नातेवाइकांशी बोलायचं कोण शिकवतं? रेसिडेंट भराभर सांगतो, ‘मल्टिऑर्गन फेल्युअर आहे, इनोट्रोप्स चालू आहेत.’ मुलगा मान डोलावतो, सही करतो आणि बाहेर येऊन सिक्युरिटीच्या काकांना विचारतो, ‘बाबा घरी कधी येतील?’

आमच्या एका सरांनी उपाय काढला. रेसिडेंटने खुर्चीत बसायचं, फोन सिस्टरकडे द्यायचा आणि पहिला प्रश्न आपणच विचारायचा: ‘दादा, आतापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय?’ वाईट बातमी एका वाक्यात. त्यानंतर तोंड बंद. हे गप्प बसणं मुलांना ट्यूब टाकण्यापेक्षा अवघड जातं. आधी आपापसात सराव होतो, त्यात मी नेहमी चिडलेली आत्या असते. उरण-पनवेलकडच्या आत्या काय काय विचारतात ते मला पाठ आहे.

रेसिडेंट, ठाणे जिल्हा

नेरूळच्या सिस्टर, आमच्याकडे टेस्ट लंग सापडत नाहीये. काही जुगाड?

आयसीयू इन्चार्ज सिस्टर, नेरूळ

भूल देण्याच्या मशीनची दोन लिटरची रिझर्व्हायर बॅग ओटीतून मागून घे. रिकाम्या बेडच्याच व्हेंटिलेटरला लाव, आणि झाल्यावर परत दे, नाहीतर भूलवाल्या मॅडम पुढच्या वेळी देणार नाहीत.