मदत हवी आहे: दत्तक आदेश मिळाला, जन्मदाखला अडलाय (पुणे)

मंडळी, नमस्कार.

धाकटी बहीण आणि मेहुणे न्यू जर्सीला असतात. दोघंही अमेरिकन नागरिक, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्डवाले. पुण्यातल्या एका संस्थेतून त्यांनी मुलगी दत्तक घेतली आहे आणि सध्या सगळं बिऱ्हाड माझ्याकडे कोथरूडला आहे. थोरलीची शाळा तिकडे कधीच सुरू झाली, इथे ती आजीकडून पाढे शिकतेय. मेहुणे रात्री जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिकडचं ऑफिस करतात. दोघंही सदाशिव पेठेत वाढलेले, आणि आता पुण्यातच परदेशी म्हणून खोळंबलेत!

तिकडचा गृहअभ्यास अहवाल (घरची पाहणी), अमेरिकन इमिग्रेशनची मंजुरी, 'कारा'चं (केंद्र सरकारचं दत्तक प्राधिकरण) ना हरकत प्रमाणपत्र आणि जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, एवढं झालंय. आता नव्या नावाने जन्मदाखला, त्यावर पासपोर्ट आणि शेवटी दिल्लीच्या दूतावासातून व्हिसा. परदेशी दत्तकाच्या हेग करारानुसार लागणारं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक कराराप्रमाणेच झालं असं) 'कारा' देईल, त्याची चिंता नाही.

घोडं पेंड खातंय ते जन्मदाखल्यापाशी. जन्म नोंदणी कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी आदेश वाचला, उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "ही कलेक्टरांची ऑर्डर आहे. कोर्टाची आणा." म्हटलं, मॅडम, बाल न्याय कायद्यात बदल झाला, १ सप्टेंबर २०२२ पासून हे आदेश जिल्हाधिकारीच देतात. "आमच्याकडे कोर्टाच्याच येतात," असं म्हणून त्यांनी मागच्या माणसाला पुढे बोलावलं. नंतर साहेब दौऱ्यावर, मग साहेब मीटिंगमध्ये. संस्थेचं पत्र आणा म्हणाले, ते नेलं तर त्यावर जावक क्रमांक नाही. (बाईंवर राग नाही. वरून लेखी आल्याशिवाय त्या तरी सही कशाला करतील?)

दाखल्याशिवाय पासपोर्टचा अर्ज करावा, तर तीही वाट बंद. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, आणि आमची त्यानंतरचीच. त्यामुळे मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात नुसत्या आदेशाच्या जोरावर जाण्यात अर्थ नाही.

पोरगी छान रुळलीय. सुरुवातीला पोळीचा तुकडा मुठीत घट्ट धरून झोपायची, सोडवायला गेलं की डोळे टक्क उघडे. आता थोरलीने हात पुढे केला की तुकडा देते, आणि लगेच परत मागते. पण मेहुण्यांना लवकरच कामावर हजर व्हावं लागेल असं दिसतंय. आत्ता कुठे ती त्यांच्या खांद्यावर झोपायला लागलीय, म्हणून घाई.

तर विचारायचंय हे, की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर जन्मदाखला काढलेलं कुणी इथे आहे का? खिडकीवर नेमकं काय दाखवलंत? आणि दिल्लीला व्हिसासाठी आई एकटी गेली तर चालतं का?

आगाऊ विनंती: एजंट सुचवू नका. आणि "नोटरी करून दत्तकपत्र करा, आमच्या चुलत्यांनी तसंच केलं" हेही नको. ते १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याचं प्रकरण, इथे लागू नाही.

पर्वतीची आई:
दादा, तुम्ही स्वतः खिडकीवर जाणं आधी थांबवा. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर, जन्म नोंदणीच्या निबंधकांच्या नावाने जाऊ दे, सोबत आदेशाची प्रमाणित प्रत. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. २०२२च्या दत्तक नियमावलीत जन्मदाखला पाच कामाच्या दिवसांत द्यावा असं आहे. ते पान छापून जोडा आणि ओळीखाली रेघ मारा, नाहीतर कुणी वाचत नाही. तरी हलेना, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. तुमची फाइल जिल्हाधिकाऱ्यांकडे त्यांच्याच टेबलावरून गेलेली असते. निबंधकांना पत्र त्यांच्याकडून गेलं की "कोर्टाची आणा" बंद होतं. आमचं तसंच झालं. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून स्पेलिंग तपासा. आदेशात, दाखल्यात आणि पुढे पासपोर्टात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पुन्हा पहिल्यापासून.

एडिसनकर:
एकटीने जाण्याबद्दल इथे विचारू नका, तुमच्या अमेरिकन एजन्सीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. प्रत्येक केस वेगळी असते. व्हिसाआधी दूतावासाच्या यादीतल्या डॉक्टरकडूनच मेडिकल लागतं, आपले फॅमिली डॉक्टर चालत नाहीत. लसीकरणाचं कार्ड संस्थेकडून आत्ताच मागून ठेवा. दोघांच्या नावे इथेच दत्तक पूर्ण झालं असेल आणि त्याप्रमाणे व्हिसा मिळाला, तर अमेरिकेत प्रवेश करताच मुलगी नागरिक होते. मात्र एजन्सीचे पाठपुरावा अहवाल दोन वर्षं जात राहतात, ते बहिणीला माहीत असेलच.

धागाकर्ता:
पर्वतीची आई, खूप आभार. बाल संरक्षण कक्षाचं कुणी बोललंच नव्हतं. संस्थेच्या ताईंना आत्ताच फोन केला, त्या जावक क्रमांकासकट नवीन अर्ज देतायत. एडिसनकर, लसीचं कार्ड आहे, पण त्यावर जुनं नाव आहे. ते दिल्लीच्या डॉक्टरांना चालेल का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.