दवाखान्यातले पेजर: ऑपरेटरची बटणं कमी कशी करायची, आणि निरोपांची नोंद भरवशाची कशी ठेवायची?

धंतोली_एक्सचेंज

नमस्कार मंडळी. धंतोलीतल्या १२० खाटांच्या एका दवाखान्याचं एक्सचेंज आणि पेजर माझ्याकडे आहेत. गच्चीवर एक ट्रान्समीटर, खाली एन्कोडरचा डबा (निरोपाचा सिग्नल बनवणारा), पोक्सॅग (पेजरला निरोप पाठवायची पद्धत) १२०० बॉड, म्हणजे सेकंदाला १२०० बिट. पेजर ४०, त्यातले २६ फक्त आकडे दाखवणारे आणि १४ अक्षरं दाखवणारे. तळघरात मोबाइलला रेंज नाही आणि ड्यूटीचा पेजर पाळी बदलताना हातोहात देता येतो, म्हणून पेजर राहणार आहेत. ‘मोबाइल ॲप घ्या’ हा सल्ला कृपया नको.

ऑपरेटर ताई डब्यावरच्या फोनसारख्या बटणांनी रोमन अक्षरं टाकतात. वेळ जातो आणि रात्री घाईत वॉर्ड चुकतो. नोंद हातानं रजिस्टरमध्ये होते, तीही सवड मिळेल तेव्हा. मग ‘पाठवला होता’ आणि ‘वाजलाच नाही’ हा वाद रोजचाच. डब्यामागे ९ पिनांचं सिरियल पोर्ट आहे, मॅन्युअलमध्ये टॅप प्रोटोकॉल (संगणकातून डब्याला निरोप द्यायची पद्धत) लिहिलाय. सहा वॉर्ड आणि एक कॅज्युअल्टी एवढाच पसारा. एन्कोडर बदलायला पैसे मिळणार नाहीत. निरोप देवनागरीत जाईल का, तेही सांगा.

तारवाला

देवनागरीचं आधी संपवतो: नाही जाणार. पोक्सॅगमध्ये अक्षराला ७ बिट असतात आणि पेजरच्या चिपमध्ये रोमन अक्षरांचाच साचा भरलेला असतो. मराठी हवी असेल तर ती ऑपरेटरच्या स्क्रीनवर आणा, तिथंच तिचा खरा उपयोग आहे.

आता बटणं मोजा. रोमनमध्ये ‘आयसीयू बेड ४’ टाकायला आयसाठी ३ दाब, सीसाठी ३, यूसाठी २, जागा सोडायला १, बीला २, ईला २, डीला १, परत जागेचा १, आणि ४ आकडा त्याच बटणावर चौथ्या दाबाला येतो म्हणून ४. नऊ खुणांसाठी १९ दाब. शिवाय ई आणि डी एकाच बटणावर, म्हणजे मध्ये थांबावंही लागतं. घाईत न थांबता दाबलं की तिथं ‘एफ’ उमटतो. वेळ इथं जातो, हवेत नाही. १२०० बॉडला सुरुवातीचे ५७६ बिट ०.४८ सेकंदात जातात आणि ५४४ बिटांची एक बॅच ०.४५ सेकंदात. लहान निरोप दीड सेकंदाच्या आत सुटतो. बॉड वाढवून काही हाती लागणार नाही.

माझा सल्ला, मजकूर बंदच करा. सगळ्या ४० पेजरांवर आकड्यांचा एकच साचा चालवा: वॉर्ड, खाट, कारण, आणि शेवटी अनुक्रमांक. उदाहरणार्थ ४४-०४-५ ३७. आडव्या रेघा आणि जागा धरून बरोबर १० खुणा होतात. न्यूमेरिक (फक्त आकड्यांच्या) निरोपात एका कोडवर्डमध्ये, म्हणजे निरोपाच्या एका तुकड्यात, ५ खुणा बसतात, म्हणजे पत्त्याचा एक आणि निरोपाचे दोन, तीन कोडवर्डात काम झालं. ऑपरेटरनं दाबायचं ते पेजरचे २ आकडे, वॉर्डचे २, खाटेचे २, कारणाचा १ आणि एंटर. एकूण ८ दाब. रेघा आणि अनुक्रमांक संगणक घालेल.

कोड ठरवताना मात्र डोकं लावा. फोनच्या बटणांवर १-२-३ वरच्या ओळीत असतात, संगणकाच्या नंबरपॅडवर ७-८-९ वर. जी बाई दिवसभर फोन दाबते तिच्या हातून नंबरपॅडवर १ च्या जागी ७, २ च्या जागी ८ आणि ३ च्या जागी ९ पडणारच. मधली ओळ ४-५-६ मात्र दोन्हीकडे सारखीच. म्हणून कारणाचे आकडे त्या ओळीतूनच घ्या: ४ म्हणजे फोन करा, ५ म्हणजे या, ६ म्हणजे लगेच या. ० ठेवा ‘आधीचा निरोप रद्द’साठी.

वॉर्डांना जोडआकडे द्या: ११, २२, ३३, ४४, ५५, ६६ आणि कॅज्युअल्टीला ००. ७७, ८८, ९९ वापरूच नका. एक बोट चुकलं तर ४५ होतं, असा वॉर्ड नाही, संगणक घेणार नाही. बटणांची सवय उलटली तर ११ चे ७७ होतात, तेही घेणार नाही. तुमचे वॉर्ड सातच, म्हणून हे फुकटात जमतंय. खाटेला ही सोय नाही. तिथं त्या वॉर्डात जितक्या खाटा तितकीच मर्यादा घाला आणि पहिल्या एंटरनंतर स्क्रीनवर मोठ्या अक्षरात मराठीत दाखवा: ‘आयसीयू, खाट ४, या. जातंय: ड्यूटी आरएमओ.’ ताई ते वाचून दुसरं एंटर दाबतील. नववा दाब झाला, पण तो वाचवायला जाऊ नका.

अतितातडीसाठी वेगळा रस्ता घ्या. बहुतेक पेजरांत एकाहून जास्त कॅपकोड (पेजरचा हवेतला पत्ता) भरता येतात. टीममधल्या सगळ्यांच्या पेजरमध्ये एक समाईक कॅपकोड टाका, म्हणजे पाच जणांना पाच निरोप पाठवावे लागणार नाहीत. पत्त्याबरोबर २ फंक्शन बिट जातात, त्यातून चार प्रकारचे आवाज निघतात. त्यातला एक फक्त याच कामाला राखून ठेवा. निव्वळ टोन पाठवू नका. माणूस पळेल, पण कुठं पळायचं ते त्याला कळणार नाही.

इनचार्ज_सिस्टर

कोड चांगले आहेत, पण ते पाठ करा म्हणून सोडून देऊ नका. पेजरच्या पाठीवर बसेल एवढी चिठ्ठी छापा, लॅमिनेट करा आणि चिकटवा. नवीन हाउसमन (शिकाऊ डॉक्टर) दर काही महिन्यांनी येतात, त्यांना शिकवत बसायला कोणाकडे वेळ आहे?

पेजर माणसाच्या नावावर नको, ड्यूटीच्या नावावर हवा: ‘ड्यूटी आरएमओ’, ‘भूल’, ‘लॅब’. नाहीतर सुटीवरच्या डॉक्टरांचा पेजर कपाटात वाजत राहतो. पाळी बदलताना घेणाऱ्यानं टेस्टचा निरोप मागवायचा. तो वाजला तरच पेजर ताब्यात घेतला असं समजायचं.

बॅटरी अल्कलाइनच द्या. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो. पेजरची ‘बॅटरी कमी’ची खूण १.५ व्होल्टच्या सेलवर बेतलेली असल्यानं ती एकतर उगाच वाजते, नाहीतर वाजल्यावर लगेच पेजर बंद पडतो. आणि मे महिन्यात कोणी पेजर स्कूटरच्या डिक्कीत ठेवला की स्क्रीन काळी ठिक्कर पडते. गार झाल्यावर उतरते, पण तोवर पेजर वाजतो आणि वाचता काही येत नाही. तेही ‘निरोप आलाच नाही’मध्ये मोजलं जातं बाप्पा.

धंतोली_एक्सचेंज

तारवाला भाऊ, ४-५-६ ची गोष्ट पटली. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, खाट १ आणि ७ ची अदलाबदल नेहमीचीच.

सिरियलवर हात घातलाय. यूएसबी-सिरियल वायर लावून टर्मिनलवरून हातानं लॉगिन केलं, ते होतं. निरोप पाठवला की दर वेळी नकार, १५ हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा). वायर खराब म्हणायची का?

बुटीबोरी_इन्स्ट्रुमेंट

लॉगिन होतंय म्हणजे वायर ठीक आहे. तुमचा चेकसम (गठ्ठ्यामागे जोडायची पडताळणीची बेरीज) चुकतोय.

टॅपमध्ये निरोपाचा गठ्ठा असा असतो: एसटीएक्स (सुरुवातीची खूण), पेजरचा नंबर, कॅरेज रिटर्न, निरोप, कॅरेज रिटर्न, ईटीएक्स (शेवटाची खूण), मग चेकसमच्या तीन खुणा आणि शेवटी कॅरेज रिटर्न. एसटीएक्सपासून ईटीएक्सपर्यंत, दोन्ही धरून, प्रत्येक खुणेची ७ बिटांची किंमत मिळवा. पॅरिटीचा (चूक ओळखायचा) आठवा बिट बेरजेत येऊ देऊ नका. बेरजेचे खालचे १२ बिट घ्या, चार-चारचे तीन भाग करा आणि प्रत्येकात ४८ मिळवा. इथंच बहुतेकांचं फसतं, कारण ते सरळ हेक्स छापतात. समजा बेरीज ३७९ आली. भाग पडतात १, ७ आणि ११. ४८ मिळवून ४९, ५५ आणि ५९. म्हणजे पाठवायच्या खुणा १, ७ आणि अर्धविराम. हेक्स छापणारा तिथं ‘बी’ पाठवतो आणि डबा नकार देतो. तिन्ही भाग ९ किंवा त्याखाली आले तर मात्र दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं, म्हणून एखादा निरोप जातोही आणि माणूस वायरीला दोष देत बसतो.

पोर्ट ७ बिट, सम पॅरिटी, १ स्टॉप बिट असं उघडा. विंडोज आपणहून ८ बिट, पॅरिटी नाही असं धरतं. काही डबे तेही चालवून घेतात, पण त्यावर विसंबू नका. ‘आयडी=’ आल्याशिवाय एस्केप-पीजी१ पाठवायचं नाही, आणि चौकटी कंस-पी आल्याशिवाय निरोप सोडायचा नाही.

आता नोंदीचं. डब्यानं होकार दिला याचा अर्थ डब्यानं निरोप घेतला, एवढाच. पेजर एकतर्फी आहे, तो काहीच परत सांगत नाही. त्यामुळं नोंदीत तीन वेळा वेगवेगळ्या ठेवा: ऑपरेटरनं एंटर दाबलं ती, डब्यानं घेतलं ती, आणि डॉक्टरांचा उलट फोन आला ती. तुमचा वाद पहिल्या आणि तिसऱ्या वेळेमधला आहे. हातच्या रजिस्टरात तिसरा रकाना नसतोच, म्हणून तो मिटत नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी ओळ डिस्कवर लिहायची, मग निरोप डब्याकडे द्यायचा. एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) पुरेसं आहे, फक्त सिंक्रोनस ‘फुल’ ठेवा. वादळात लाइट गेली तर जास्तीत जास्त ‘लिहिलं पण गेलं नाही’ अशी ओळ उरेल. लाइट आल्यावर अशा ओळी आपोआप पाठवू नका, ऑपरेटरला दाखवा. वीस मिनिटांपूर्वीचा ‘लगेच या’ आता गेला तर गोंधळच होईल.

अनुक्रमांक प्रत्येक पेजरचा वेगळा चालवा, ०० ते ९९. ३६ नंतर ३८ आला की डॉक्टरांना कळतं, मधला एक हुकला. सगळ्यांचा मिळून एकच क्रमांक चालवलात तर मधल्या उड्या नेहमीच्या होतात आणि कोणी बघत नाही. समाईक कॅपकोडचा क्रम वेगळा ठेवा. उलट फोन आला की ताईंनी पेजरचे २ आकडे, अनुक्रमांकाचे २ आणि एंटर दाबायचं, ओळ बंद.

दोन मिनिटांत ओळ बंद झाली नाही तर संगणकानं निरोप पुन्हा सोडावा, पण तोच अनुक्रमांक ठेवून, एक खूणही न बदलता. बरेच पेजर हुबेहूब तसाच निरोप आला की नवीन ओळ न धरता ‘पुन्हा आलेला’ म्हणून दाखवतात. आकडा बदललात तर डॉक्टरांना दोन वेगळी बोलावणी वाटतील. दुसऱ्यांदाही उत्तर नाही तर ताईंनी वॉर्डात फोन करायचा.

तारवाला

दोन गोष्टी राहिल्या.

पोक्सॅग उघडा असतो. साधा एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा रेडिओ रिसीव्हर) आणि फुकट मिळणारं डीकोडर सॉफ्टवेअर असलं की शेजारच्या इमारतीतून कोणीही निरोप वाचू शकतो. अक्षरांच्या १४ पेजरांवर आजवर पेशंटची नावं जात असतील तर ती आजच बंद करा. वॉर्ड-खाट कोडाचा हा दुसरा फायदा. आणि ट्रान्समीटरचा डब्ल्यूपीसीचा (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचा) परवाना ज्या फ्रिक्वेन्सीला आणि ज्या शक्तीला आहे तेवढ्यातच राहा. तळघरात पोचत नाही म्हणून कोणी पॉवर वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणा.

तळघराची तपासणी अशी करा: एका जादा पेजरला टेस्टचा कॅपकोड द्या, तो रेडिओलॉजीच्या कन्सोलजवळ ठेवा आणि संगणकाला दर तासाला त्यावर निरोप सोडू द्या. संध्याकाळी अनुक्रमांक बघा, कुठले गाळले ते समजेल. एमआरआयच्या खोलीत पेजर न्यायचाच नाही, लोखंडाचा तुकडा असतो त्यात. आणि त्या खोलीच्या भिंतीत तांब्याचा पत्रा असतो, त्यामुळं आत सिग्नलही जाणार नाही. आत गेलेल्या डॉक्टरांचा पेजर कन्सोलवरच्या टेक्निशियनकडे राहील आणि उलट फोन तोच करेल, असं लेखी ठरवून घ्या.

धंतोली_एक्सचेंज

चेकसम दुरुस्त केला, होकार येऊन राहिला. सिस्टर, चिठ्ठीत सात वॉर्ड आणि चार कारणं बसतात. पण अक्षरांचा आकार ठेवला तर आणीबाणीच्या आवाजाची ओळ बाहेर जाते. ती टाकू की सोडू?

इनचार्ज_सिस्टर

सोडा. तो आवाज ऐकून कोणी चिठ्ठी बघत नाही. त्या जागी एक्सचेंजचा एक्स्टेंशन नंबर छापा.