मदत हवी आहे: लिनक्सवर डोंगल चालतं, पण फायरवॉल चालू केली की बाकीच्या मशीनचं नेट जातं

द्राक्षमंडप

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तासगावजवळ एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात मी हिशेब बघते. चार कॉम्प्युटर आहेत, सगळे दहा-अकरा वर्षांचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ काही या मशीनवर चढत नाही. म्हणून दिवाळीला आलेल्या भाच्याने तिघांवर लिनक्स मिंट २२ टाकून दिलं. चौथा लॅपटॉप वजनाच्या पावत्यांचा, तो विंडोजवरच आहे, कारण काट्याचं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. मिंटबद्दल माझी तक्रार नाही. उलट माझं मशीन पूर्वी सुरू होईपर्यंत देवपूजा उरकायची, आता तेवढा वेळ मिळत नाही.

अडचण नेटची. आमच्याकडचा रस्ता रुंद होतोय आणि फायबर सारखी तुटते. जोडायला माणूस येईपर्यंत दोन-दोन दिवस जातात. मग कपाटातलं जुनं ४जी डोंगल काढलं, सिम घातलं आणि माझ्या मशीनला लावलं. तर मॉडेम दिसायच्या ऐवजी स्क्रीनवर सीडीचं चित्र! आत बघितलं तर विंडोजची सेटअप फाइल. भाच्याला फोन केला, तो म्हणाला, “मावशी, त्या सीडीवर राइट क्लिक कर आणि इजेक्ट दाब.” मला वाटलं चेष्टा करतोय. पण दाबलं आणि दहाएक सेकंदांत “वायर्ड कनेक्शन २” असं वर आलं, नेट सुरू.

मग त्यानेच फोनवरून माझ्या लॅन पोर्टच्या सेटिंगमध्ये “शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स” निवडायला लावलं. ती वायर स्विचला, स्विचमधून बाकीचे तिघे. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, आता फायरवॉल चालू कर. मिंटमध्ये ती असतेच, फक्त बंद असते. मी बटण सरकवलं. माझं नेट चालू, बाकी तिघांचं गुल. बाहेर ट्रक भरून उभा, ई-वे बिल शेजारच्या मशीनवर अडकलेलं, ड्रायव्हरचा दुसरा चहा झालेला. मी गुपचूप फायरवॉल बंद केली, बिल निघालं.

आता भाचा परीक्षेत आहे, त्याला त्रास द्यायचा नाही. दोन प्रश्न:
फायरवॉल चालू ठेवून बाकीच्यांना नेट कसं द्यायचं?
आणि खरं सांगा, बंदच ठेवली तर बिघडतं काय?

शून्य_बाकी

विंडोज ११ वालं नवीन मशीन घ्या. पंचवीस-तीस हजारांत सुटाल.

द्राक्षमंडप

चार मशीनचे किती होतात ते मालकांना तुम्हीच सांगा, नंबर देते.

पेववाला

ताई, तुमचं ते सीडी इजेक्ट वाचून हसू आलं आणि जुने दिवसही आठवले. सांगलीत आम्ही मॉडेमसाठी काय काय केलंय! कॉम्प्युटरच्या पोटात बसणारं स्वस्तातलं कार्ड घेतलं होतं, ५६ केबीपीएसचं. विंडोजवर चालायचं, लिनक्सवर मुकं. नंतर कळलं की त्याला विनमॉडेम म्हणतात: कार्डावर मॉडेमचा अर्धाच जीव, बाकीचं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरने करायचं, आणि ते करवून घेणारा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी. शेवटी मागच्या सिरियल पोर्टला लावायचं बाहेरचं मॉडेम आणलं. ते लावलं त्याच दिवशी बोललं. घरातल्यांना ती शीळ ऐकू आली की कळायचं, आता तासभर फोन लागायचा नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मिरजेचे “चौथा पोर्ट” येतील, थांबा.

चौथा पोर्ट

आलो. काकांनी हाक मारली की यावंच लागतं.

आधी सीडीचं. ही डोंगलं पहिल्यांदा सीडी असल्याचं सोंग करतात, म्हणजे विंडोजवाल्याला ड्रायव्हर वेगळा शोधावा लागत नाही. इजेक्टचा हुकूम मिळाला की सोंग टाकतात आणि मॉडेम होतात. लिनक्समध्ये हेच काम आपोआप करणारा यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्रॅम आहे. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून तो टाकून घ्या, रोज इजेक्ट करायला नको. सोंग उतरलं की नाही हे एलएसयूएसबी या कमांडने बघता येतं: आयडीचा पहिला भाग, कंपनीचा, तोच राहतो, नंतरचा बदलतो.

“वायर्ड कनेक्शन” असं आलं म्हणजे तुमचं डोंगल स्वतःच छोटा राउटर आहे. त्यामुळे एपीएन (मोबाइल कंपनीच्या नेटचं सेटिंग) वगैरे काही असेल तर ते मिंटमध्ये नाही, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या डोंगलच्या स्वतःच्या पानावर मिळेल.

आता फायरवॉल. अंदाजाने बोलत नाही. ती चालू करा, दुसऱ्या मशीनवर एखादी वेबसाइट उघडायचा प्रयत्न करा, मग तुमच्या मशीनच्या टर्मिनलमध्ये सुडो डीमेसेज (dmesg) द्या आणि “यूएफडब्ल्यू ब्लॉक” असलेल्या ओळी इथे टाका. यूएफडब्ल्यू म्हणजे मिंटमधली तीच फायरवॉल. (कमांडी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाकताना रोमन अक्षरांत आणि सगळं लहान लिपीत. मागे एका गृहस्थांनी टर्मिनलमध्ये मराठीत “सुडो” लिहिलं होतं आणि लिनक्स मराठी द्वेष्टं आहे असा धागा काढला होता.)

द्राक्षमंडप

ओळी खूप आहेत, पण दोनच प्रकारच्या. मला कळलेलं लिहिते:

इन=ईएनपी२एस०, आउट= (पुढे रिकामं), एसआरसी=१०.४२.०.५७, डीएसटी=१०.४२.०.१, यूडीपी, डीपीटी=५३

इन=ईएनपी२एस०, आउट=ईएनएक्स आणि पुढे बारा अक्षरं, एसआरसी=१०.४२.०.५७, टीसीपी, डीपीटी=४४३

चौथा पोर्ट

उत्तम. लोक “चालत नाही” लिहून गायब होतात, तुम्ही पुरावाच आणलात.

ईएनपी२एस० हा तुमचा लॅन पोर्ट, ईएनएक्सवालं डोंगल. पहिल्या प्रकारात आउट रिकामं आहे, म्हणजे ते पॅकेट तुमच्याच मशीनसाठी आलेलं. डीपीटी म्हणजे पोर्टचा नंबर, मशीनमधल्या एकेका कामाची खिडकी म्हणा; ५३ म्हणजे डीएनएस. शेजारचं मशीन तुमच्या मशीनला विचारतंय, “या नावाच्या साइटचा पत्ता काय?” आणि तुमची फायरवॉल त्याला दारातूनच परत पाठवतेय. दुसऱ्या प्रकारात इन आणि आउट दोन्ही भरलेत. ते पॅकेट तुमच्याकडे मुक्कामाला आलेलं नाही, लॅनमधून येऊन डोंगलकडे निघालंय. यूएफडब्ल्यूत येणाऱ्यांचे नियम वेगळे आणि आरपार जाणाऱ्यांचे वेगळे, आणि सुरुवातीला दोन्हीकडे मनाई असते.

तुम्ही विचाराल, शेअरिंग चालू करताना नेटवर्कमॅनेजरने (मिंटमध्ये नेटची जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) स्वतः परवानगी दिली नव्हती का? दिली होती. पण यूएफडब्ल्यू काय किंवा नेटवर्कमॅनेजर काय, दोघेही नियम लिहिणारे कारकून. प्रत्यक्ष अडवणारं नेटफिल्टर, ते कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आहे, २००१ च्या २.४ कर्नलपासून. २०१४ मध्ये ३.१३ कर्नलबरोबर एनएफटेबल्स (नेटफिल्टरचे नियम लिहायची नवी पद्धत) आलं आणि प्रत्येक कारकुनाला आपापली वेगळी वही मिळाली. आणि तिथला कायदा असा: एका वहीत “सोडा” लिहिलेलं असलं तरी दुसऱ्या वहीत तपासणी होतेच, पण कोणत्याही एका वहीत “अडवा” निघालं की तिथेच खेळ खलास. मार्केट यार्डात आतल्या बाबूने गेटपास दिला तरी फाटकावरचा वॉचमन गाडी सोडत नाही, तसं. म्हणून फाटकावरच्या वॉचमनलाच सांगावं लागतं.

सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ इन ऑन ईएनपी२एस० टू एनी पोर्ट ५३

सुडो यूएफडब्ल्यू राउट अलाऊ इन ऑन ईएनपी२एस० आउट ऑन (ते ईएनएक्सवालं पूर्ण नाव)

नाव हाताने टाइप करू नका, आयपी लिंक कमांडने दाखवलेलं कॉपी करा.

द्राक्षमंडप

झालं!! फायरवॉल चालू, चारही मशीनवर नेट चालू. तुमच्या तोंडात बेदाणे. आता कुलूप लावून घरी जाते.

द्राक्षमंडप

(सकाळी ९:५०) नाही झालं. रात्री सगळं बंद करून गेले, सकाळी सुरू केलं तर पुन्हा माझ्याच मशीनवर नेट. बाकी दोन मिंट “कनेक्शन फेल्ड” म्हणतात. लॅपटॉपवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतोय. लॉग बघितला, एकही ब्लॉकची ओळ नाही. म्हणजे फायरवॉल निर्दोष ना? मग वायर का? स्विच बंद-चालू करून झाला.

माणदेशी

ताई, फायरवॉल बंद करून बघितलीत का?

द्राक्षमंडप

बंद केली की येतं. मग लॉग कोरा कसा?

चौथा पोर्ट

चूक माझी, काल रात्रीच सांगायला हवं होतं. काल तुम्ही नियम टाकले तेव्हा तिन्ही मशीनकडे आधीचे पत्ते होते, म्हणून चाललं. सकाळी ती नव्याने पत्ता मागायला आली. ते डीएचसीपी, पोर्ट ६७. उत्तर न मिळाल्यावर विंडोज स्वतःच १६९.२५४ वाला पत्ता चिकटवून घेतं. तो पत्ता दिसला की समजायचं, विचारलं होतं, कुणी ओ दिली नाही.

आणि लॉग कोरा का, तर यूएफडब्ल्यूच्या आफ्टर.रूल्स फाइलमध्ये काही पोर्ट मुद्दाम “गोंगाट” म्हणून वगळलेत. ६७ आणि ६८ त्यात आहेत. अडवतं, पण नोंद करत नाही. लॉगमध्ये नाव नाही म्हणून निर्दोष, हा हिशेब इथे चालत नाही. या एका गोष्टीने माझी कुपवाडच्या एका कारखान्यातली अख्खी दुपार खाल्लीय.

सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ इन ऑन ईएनपी२एस० टू एनी पोर्ट ६७ प्रोटो यूडीपी

मग बाकीच्या मशीनची वायर काढून परत लावा.

द्राक्षमंडप

आलं. तिन्ही. पत्ते पुन्हा १०.४२.० वाले. आता दुपारी पुन्हा सगळं बंद-चालू करून बघते, मगच विश्वास ठेवते.

एक मात्र, अधूनमधून डोंगलच गायब होतं. दिवा विझतो, पुन्हा लागतो. आणि वेगही यथातथाच.

चौथा पोर्ट

कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावलंय का? जुन्या मशीनमध्ये पुढच्या पोर्टची आतली वायर बारीक आणि सैल असते. यूएसबी २ चा पोर्ट कायद्याने ५०० मिलिअँपिअर देतो, सिग्नल कमकुवत असला की डोंगल जोर लावून बोलतं आणि जास्त वीज ओढतं. मागच्या पोर्टला लावा. आणि तुमचं ऑफिस कोल्ड स्टोरेजच्या आतच आहे ना? पत्र्याच्या पॅनेलच्या खोलीत मोबाइलचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेलच.

द्राक्षमंडप

हो, आत फोन लागतच नाही, बोलायला लोडिंगच्या फाटकाशी यावं लागतं. डोंगल मात्र ऑफिसातच होतं! हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

माणदेशी

एक्स्टेन्शन केबल घ्या, डोंगल खिडकीत टांगा. ५ मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे यूएसबी २ ची खात्री नाही. डोंगलच्या पानावर आरएसआरपी नावाचा सिग्नलच्या ताकदीचा आकडा असेल, उणे चिन्हाचा. शून्याच्या जितका जवळ तितका बरा.

द्राक्षमंडप

३ मीटरची केबल आणली, २२० रुपये. टेबलाजवळ उणे ११६ होता, खिडकीच्या गजाला सुतळीने बांधल्यावर उणे ९८. दिवा विझत नाही. मालकांनी विचारलं, हे काय टांगलंय, म्हटलं लिंबू-मिरची.

दुपारचं बंद-चालू पण झालं, सगळं आलं. पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच: बंद ठेवली असती तर?

चौथा पोर्ट

बाहेरून लगेच कुणी आत शिरलं असतं असं नाही. मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ साठी (नेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते) बहुतेकदा एकाच पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक ठेवतात, वर तुमचं डोंगलही आडोसा करतं. आयपीव्ही६ ला, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांना, तो आडोसा असेलच असं नाही. पण मला तुमच्याकडे बाहेरच्यापेक्षा आतली काळजी वाटते. सौद्याच्या दिवशी व्यापारी येतात, कुणीतरी म्हणतं “जरा नेट द्या” आणि आपला लॅपटॉप स्विचला लावतं. तुमच्या मशीनवर हिशेबाचं फोल्डर शेअर केलेलं आहे का?

द्राक्षमंडप

आहे. आणि तुम्ही विचारल्यावर बघितलं, आता लॅपटॉपवरून ते उघडत नाही. लॉग कोराच. थांबा, हे पण गोंगाटवालं का?

चौथा पोर्ट

शाब्बास. फोल्डर शेअरिंगचा पोर्ट ४४५, तोही त्याच यादीत. आधी पावत्यांच्या लॅपटॉपला लॅन सेटिंगमध्ये कायमचा पत्ता द्या, समजा १०.४२.०.२५०, मग फक्त त्याच्यासाठी:

सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम १०.४२.०.२५० टू एनी पोर्ट ४४५ प्रोटो टीसीपी

बाकी दोन मशीनना फोल्डर लागत असेल तर त्यांचंही असंच. शेअरला पासवर्ड ठेवाच, पत्ता कुणीही स्वतःला लावून घेऊ शकतो.

द्राक्षमंडप

उघडलं. चारही नियम खतावणीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत, शेजारी भाच्याचा नंबर आहे तिथेच. सगळ्यांचे आभार. आता हा धागा बंद कसा करायचा?

पेववाला

बंद करायचा नसतो ताई. शीर्षकात पुढे “सुटले” एवढं लिहा. आणि बेदाणे मिरजेला पाठवताना सांगली वाटेतच लागते, हे लक्षात असू द्या.