बाँडिंगमध्ये दोन केबल जोडूनही एका कनेक्शनला दुप्पट वेग का मिळत नाही?

प्रश्न – जोडकेबल
दोन लिनक्स सर्व्हर, प्रत्येकी १ गिगाबिटची दोन पोर्ट, मध्ये एकच स्विच. बाँडिंग (अनेक पोर्ट मिळून एकच जोडणी करणं) मोड ०, म्हणजे बॅलन्स-आरआर. आयपर्फ३ (वेग मोजायचं साधन) एका स्ट्रीमला, म्हणजे एकाच कनेक्शनला, १.३ गिगाबिटच्या आसपासच अडकतो आणि रिट्रान्समिटचा (पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा) आकडा वाढत राहतो. स्विचवर एकही ड्रॉप नाही. पॅकेट हरवत नसतील तर पुन्हा का पाठवली जातायत?

उत्तर – गेटवे_काका
हरवत नाहीयेत, मागेपुढे पोचतायत. हा मोड एकाच कनेक्शनचा माल आळीपाळीने दोन्ही पोर्टांवर टाकतो. टीएसओ (मोठ्या गठ्ठ्याची पॅकेटं कार्डनेच करायची सोय) चालू असेल तर ६४ केबीचा अख्खा गठ्ठा एका पोर्टवर जातो, म्हणजे सुमारे ४५ पॅकेट, आणि पुढचा गठ्ठा दुसऱ्यावर. दोन्ही एकाच वेळी वाहतात, त्यामुळे घेणाऱ्याकडे क्रमाची भेळ होते.
मधलं पॅकेट आलं नाही की घेणारा जुनाच एसीके (पोचपावती) परत पाठवतो. असे तीन डुप्लिकेट आले की जुन्या नियमाप्रमाणे पाठवणारा ते हरवलं असं धरतो, पुन्हा पाठवतो आणि विंडो (पोचपावतीविना एका वेळी पाठवायच्या मालाची मर्यादा) आवळतो. टीसीपीच्या वेग आवरण्याच्या पद्धतींपैकी रीनो ती निम्मी करतो, क्युबिक ७० टक्क्यांवर आणतो.

उत्तर – पॅकेटपारखी
नव्या कर्नलमध्ये रॅक आहे, पॅकेट हरवलं की नाही हे तो वेळेवरून ठरवतो. पण इथे तोही सुरुवातीला फसतो. क्रम बिघडतोय हे कळल्यावर तो आजवरच्या सर्वांत कमी आरटीटीच्या (पॅकेट जाऊन पोचपावती येण्याच्या वेळेच्या) पाव भागाइतकी सवलत देतो. लॅनवर आरटीटी ०.२ मिलिसेकंद धरा, सवलत ५० मायक्रोसेकंद. गिगाबिटवर एका पूर्ण पॅकेटला १२ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ४५ पॅकेटच्या गठ्ठ्याला साडेपाचशे! पुढे डीसॅक (पॅकेट दुसऱ्यांदा आल्याची घेणाऱ्याची खबर) येऊ लागले की सवलत वाढते, कधी विंडोची कपातही मागे घेतली जाते, पण तोवर फुकटची पॅकेट गेलेली असतात.
खात्री करायची तर पाठवणाऱ्यावर एनस्टॅटमध्ये (कर्नलचे नेटवर्क-आकडे दाखवणारी कमांड) सॅक-रीऑर्डर आणि डीसॅक-रिसीव्हचे काउंटर बघा, घेणाऱ्यावर ओएफओ-क्यू (क्रम सोडून आलेली पॅकेट). तिन्ही वाढत असतील आणि ड्रॉप शून्य असतील, तर निदान पक्कं. घेणाऱ्याचा सीपीयूही चढलेला दिसेल: क्रम तुटला की जीआरओला (आलेली पॅकेट जोडून सीपीयूचं काम कमी करणारी सोय) पॅकेट एकत्र करता येत नाहीत.

जोडकेबल
टीसीपी_रीऑर्डरिंग (क्रम किती बिघडला तर चालेल याची कर्नल सेटिंग) ३ वरून वाढवू का?

गेटवे_काका
फारसा उपयोग नाही. ३ ही फक्त सुरुवात असते, कर्नल स्वतःच ती ३०० पर्यंत नेतो. आणि हाताने फार वाढवलीत तर खरोखर हरवलेलं पॅकेट उशिरा कळतं.
त्यापेक्षा ८०२.३एडी (एका कनेक्शनला एकच केबल देणारा बाँडिंग मोड) लावा, स्विचवरही एलएसीपी (त्याचाच जोडणी ठरवणारा प्रोटोकॉल) चालू करा आणि हॅश पॉलिसी (कुठलं कनेक्शन कुठल्या केबलवर, हे ठरवायचा नियम) लेयर३+४, म्हणजे आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांकांवरून, ठेवा. नेहमीची लेयर२ दोनच यंत्रांमध्ये कुचकामी, मॅक पत्त्यांची जोडी एकच असल्याने सगळं एकाच केबलवरून जातं. मात्र एका कनेक्शनला १ गिगाबिटच मिळेल, हे गृहीत धरा. एनएफएस (नेटवर्कवरून फाइल वापरायची सोय) असेल तर त्याचा एनकनेक्ट पर्याय वापरून कनेक्शन वाढवा (कर्नल ५.३ पासून आहे). एकच आरसिंक (फाइल कॉपी करणारा प्रोग्राम) पळवायचा असेल तर सरळ १० गिगाबिटचं कार्ड घ्या, बाँडिंगशी झटापट नको.

पॅकेटपारखी
एक पुरवणी: लेयर३+४ मध्ये आयपी फ्रॅगमेंट झालेल्या (तुकडे पडलेल्या) पॅकेटांना पोर्ट क्रमांकाचा हॅश लागत नाही, तिथे क्रम पुन्हा बिघडू शकतो. मोठे यूडीपी डेटाग्राम जात असतील तर लेयर२+३ (मॅक आणि आयपी पत्त्यांवरून) बरी, पण तुमच्या दोन यंत्रांत तीही सगळं एकाच केबलवर टाकेल.