डुकरांचा खोकला आधी शेडच्या हवेत शोधा, मग औषधाच्या डब्यात

माळावरचा वराहपालक (दौंड तालुका), धागाकर्ता

माझ्याकडे 24 माद्या आहेत, सगळ्या लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या संकरातल्या. गेल्या आठवड्यात विक्रीला गेलेल्यांपैकी सहा जनावरांची फुप्फुसं खाटकाकडून मागून घेतली आणि घरी परातीत मांडून बघितली. सहापैकी पाचांच्या पुढच्या, खालच्या पाळ्या जांभळट-राखाडी झाल्या होत्या. निरोगी फुप्फुस बोटाने दाबलं की स्पंजासारखं दबतं. हे कलेजीसारखं घट्ट लागत होतं. एक तुकडा कापून बादलीत टाकला, तो सरळ तळाला गेला.

ही पाचही जनावरं दूध तोडल्यापासून औषधी खाद्यावर वाढलेली. तीन वर्षं मी हेच करतोय. पिल्लांचं दूध तोडलं की खाद्यात टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक, खोकला वाढला की पुन्हा टेट्रासायक्लिन. पंधरा दिवस शेड शांत राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात परत तेच, कोरडा ठसका. खातात पण अंगाला लागत नाही. बाजारात न्यायला महिनाभर उशीर होतो, आणि त्या महिन्याचा मक्याचा भरडा नि सोयाबीन पेंड माझ्याच खिशातून जाते.

माझं मत सरळ आहे. एकाच पत्र्याखाली दोन महिन्यांची आणि पाच महिन्यांची जनावरं, मध्ये नुसता पाइपचा कठडा, आणि थंडीत संध्याकाळी सहाला चारी बाजूंनी ताडपत्री बंद. असं शेड असेल तर कुठलंही औषध पुरणार नाही. या खोकल्याचा मूळ जंतू, मायकोप्लाझ्मा, श्वासनळीतल्या बारीक केसांना चिकटतो आणि ते केस झडतात. मग धूळ नि बाकीचे जंतू झाडून बाहेर काढणारं काही उरत नाही, आणि पाश्चुरेला नावाचा दुसरा जंतू आत घुसतो. त्यात अमोनियाही ते केस निकामी करतो. म्हणजे जंतूचं अर्धं काम आपणच करून ठेवतो.

म्हणून मी ठरवलंय, सगळ्या कळपाला सरसकट औषधी खाद्य बंद. वयाप्रमाणे शेड वेगळी, एक खोली पूर्ण रिकामी झाल्याशिवाय त्यात नवीन पिल्लं नाहीत, आणि ताडपत्री वरून हातभर उघडी. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

सहा माद्यांचा मालक (सांगोला)

अजिबात पटत नाही. 24 माद्यांवर बसून "खोली पूर्ण रिकामी करा" म्हणणं सोपं आहे. माझ्याकडे सहा माद्या. एक आज व्यायली, दुसरी वीस दिवसांनी, तिसरी पुढच्या महिन्यात. माझं शेड कधी रिकामं होणार? कधीच नाही. एकच पत्रा आहे, दुसरा बांधायला पैसा नाही.

आणि ताडपत्री उघडी ठेवायची? दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठेवली होती. सकाळी तीन पिल्लं एकावर एक गोळा होऊन मेलेली सापडली. व्यायलेल्या मादीजवळच्या पिल्लाला 32-34 अंश ऊब लागते. ती कुठून आणू? तेव्हापासून मी पिल्लांना औषधी खाद्य घालतो आणि माझी पिल्लं जगतात. जगतात म्हणून घालतो. गरिबाच्या हातात तेवढंच आहे.

गावोगाव फिरणारा पशुवैद्य (वर्धा)

दोघांचं अर्धं-अर्धं बरोबर आहे, पण आधी एक सांगतो, कारण हे मी दर महिन्याला बघतो. डुक्कर खोकलं की लोक मेडिकलमधून पेनिसिलीन नाहीतर अमॉक्सिसिलीन आणतात. ही औषधं जंतूच्या पेशीच्या भिंतीवर काम करतात. मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते, त्यामुळे त्याच्यावर शून्य परिणाम. उलट जनावर एकाएकी धापा टाकतंय, कुत्र्यासारखं बसून श्वास घेतंय, नाकातून रक्ताळ फेस येतोय, तर तो बहुधा ॲक्टिनोबॅसिलसचा न्यूमोनिया. तिथे हीच पेनिसिलीनच्या कुळातली औषधं वेळेवर टोचली तर जीव वाचवू शकतात. "खोकल्याचं औषध" असं काही नसतं. कुठला जंतू, ते आधी.

दुसरं, आजारी डुक्कर खात नाही. म्हणजे खाद्यातलं औषध धडधाकट जनावरं खातात आणि ज्याला हवं त्याच्या पोटात जातच नाही. आजारी पडलेल्यांना इंजेक्शन द्या, फार तर पाण्यातून द्या. ताप असला तरी डुक्कर पाण्याला तोंड लावतं.

तिसरं फार महत्त्वाचं, कृपया नीट वाचा. खोकल्यावर टियाम्युलिन हे अँटिबायोटिक देणारे बरेच आहेत. ब्रॉयलर कोंबड्यांचं उरलेलं खाद्य स्वस्तात मिळतं म्हणून डुकरांना घालणारेही बरेच आहेत. त्या खाद्यात बऱ्याचदा सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन ही कोंबड्यांच्या आजारावरची औषधं घातलेली असतात. टियाम्युलिन आणि यातलं कुठलंही एक, दोन्ही डुकराच्या पोटात एकत्र आली की विषबाधा होते. मी एका शेडवर गेलो तेव्हा अकरा जनावरं मागचे पाय ओढत होती, चार मेली होती. मालक म्हणाला, खोकल्याच्या आजाराने मेली. ती औषधाने मेली होती.

सांगोलेकर, पिल्लं वाऱ्याच्या झोताने मेली. शुद्ध हवा आणि झोत यात फरक आहे. पिल्लांच्या उंचीवर बाजू बंदच ठेवा, उघडं ठेवायचं ते छताखाली. पिल्लांच्या कोपऱ्यात लाकडी खोका, आत भाताचा पेंढा, वर एक बल्ब. गरम हवा आणि अमोनिया वरून बाहेर जातो आणि पिल्लू उबेत राहतं.

उत्तरेकडचा (डेन्मार्क, मूळचा सातारचा)

मी जटलंडमध्ये एका मोठ्या डुक्कर फार्मवर नोकरीला आहे. धागाकर्त्याचं पटतं, पण "हवा सुधारली की झालं" हे पटत नाही.

इथे वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं 2000 सालापर्यंत पूर्ण बंद झालं. 2010 पासून ज्या फार्मचा वापर ठरलेल्या मर्यादेवर जातो त्याला सरकार पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद, देतं. 28 जानेवारी 2022 पासून तर सगळ्या युरोपीय संघात, आजार नसताना अख्ख्या कळपाला औषध घालणं बंद आहे. तरी धंदा चालू आहे. पण तो नुसत्या खिडक्या उघडून चालत नाही. आमच्याकडे पिल्लांना तीन आठवड्यांच्या आसपास मायकोप्लाझ्मा आणि सर्कोव्हायरसची लस टोचली जाते. नवीन माद्या कुठल्या कळपातून आल्या, तिथे कुठले जंतू आहेत, हे कागदावर माहीत असतं. शेडमध्ये जाताना अंघोळ करून कपडे बदलतो.

आणि हा जंतू हवेवरही प्रवास करतो. अमेरिकेत मिनेसोटात मायकोप्लाझ्मा आजारी कळपापासून नऊ किलोमीटरवर हवेत सापडला. म्हणजे शेजाऱ्याचा खोकला तुमचाही होऊ शकतो.

स्वित्झर्लंडने 1996 ते 2004 या काळात भाग वाटून घेऊन हा न्यूमोनिया जवळजवळ संपवला. त्यांची युक्ती ऐका. फार्मवर दहा महिन्यांपेक्षा लहान एकही जनावर नाही आणि एकही मादी वीत नाही, असे दोन आठवडे काढायचे आणि त्या काळात मोठ्या जनावरांना औषध द्यायचं. म्हणजे औषध वापरलं, पण एकदा आणि नेम धरून. "औषध अजिबात नको" ही टोकाची भूमिका मला धोक्याची वाटते. आजारी जनावराला तडफडत ठेवणं हाही गुन्हाच आहे.

सत्तरी तालुक्यातला (गोवा)

आमच्याकडे घरामागे चार-पाच गावठी डुकरं असतात. शेड नाही, ताडपत्री नाही, हवाच हवा आहे. तरी पावसाळ्यानंतर खोकतात. मग हवेचा सिद्धांत कुठे गेला?

आमच्या इथल्या पशुवैद्यांनी एक मेलेलं पिल्लू उघडून दाखवलं. फुप्फुसाच्या मागच्या टोकाला, श्वासनळीत पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत गुंतलेले होते. हा फुप्फुसजंत गांडुळातून येतो. डुक्कर माती उकरतं, गांडूळ खातं आणि जंत आत जातो. साध्या गोल जंताच्या अळ्याही फुप्फुसातून प्रवास करतात, तेव्हा ठसका लागतो. त्यानंतर आम्ही खोकल्याला आधी जंताचं औषध देतो. परातीत फुप्फुसं मांडलीत ते चांगलं केलंत, पण कलेजी बघितली का? कलेजीवर दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे डाग असतील तर ते गोल जंताचं लक्षण.

खरकट्यावर पाळणारा (कल्याण)

इथे सगळे शेडवर बोलताहेत. माझा खोकला टेम्पोतून येतो. मी पिल्लं व्यापाऱ्याकडून घेतो, चार गावांची एकत्र. आल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी अर्धी खोकायला लागतात. हॉटेलचं खरकटं रोज येतं, ते खायला तोंडं हवीत, पिल्लं बाहेर थांबवून ठेवता येत नाहीत. नवीन पिल्लं महिनाभर वेगळी ठेवा असं सगळे सांगतात, ठेवू कुठे? म्हणून पहिल्या दिवसापासून औषध. माझ्या धंद्यात दुसरा मार्ग नाही.

गावोगाव फिरणारा पशुवैद्य (वर्धा)

कल्याणकर, रागावू नका, पण सगळ्यात जास्त काळजी मला तुमची वाटते. मायकोप्लाझ्मा लागलेलं जनावर खोकला थांबल्यावरही सहा-सात महिने जंतू पसरवू शकतं. महिनाभर वेगळं ठेवूनही तो पूर्ण अडत नाही. पण महिनाभरात दुसरं, जास्त भयंकर काही असेल तर ते बहुतेक वेळा बाहेर पडतं. पीआरआरएस हा डुकरांच्या श्वसनाचा नि गाभ पडण्याचा आजार 2013 मध्ये मिझोराममध्ये आला, आफ्रिकन स्वाइन फिव्हर 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये. दोन्ही विषाणूंचे, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू तर न उकळलेल्या खरकट्यातल्या डुकराच्या मांसातूनही येतो. खरकटं उकळता का? निदान अर्धा तास, ढवळत?

खोकल्याबरोबर जोराचा ताप, कान-पोट लाल-जांभळं आणि भराभर मरतूक दिसली तर औषध शोधत बसू नका. जनावर विकू नका, हलवू नका, सरकारी दवाखान्यात कळवा.

खरकट्यावर पाळणारा (कल्याण)

उकळतो, पण अर्धा तास नाही. गॅसचा खर्च बघा. लाकडाची भट्टी लावायचं मनात आहे. चार गावांची पिल्लं घेणं मात्र लगेच बंद होणार नाही, हे खरं तेच सांगतो. एकाच माणसाकडून घेता येतील का, ते विचारतो.

शेडवर काम करणारा (शिरूर)

मालकांनी एवढं लिहिलं, आमच्याबद्दल कोणी लिहिलं नाही. 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला. तेव्हा लोक आमच्याजवळ उभे राहत नव्हते. तो ताप माणसाकडून माणसाला पसरत होता, बोल डुकरांना नि आम्हाला लागला. उलट माणसाचा फ्लू डुकरांना लागतो. आम्हाला ताप आला तरी खाडा परवडत नाही, मग मालकाच्या शेडमध्ये खोकत झाडतो. मालकांनी तापाच्या दिवसांचा पगार कापला नाही तर डुकरांचा खोकलाही कमी होईल. आणि त्या बंद शेडमध्ये आम्ही पण श्वास घेतो.

माळावरचा वराहपालक, धागाकर्ता

शिरूरकर, तुमचं बोलणं लागलं, आणि ते खरं आहे. माझ्याकडे दोन माणसं आहेत. तापाचा खाडा पगारी करतो, हे इथे लिहून ठेवतो.

सत्तरीकर, कलेजी बघितली नव्हती. काल दोन मागवल्या, एकीवर पांढरे डाग आहेत. डॉक्टर सांगतील ते जंताचं औषध देणार. पण पाण्यात बुडालेला तो तुकडा जंताचा नव्हता, त्यामुळे माझं मत मी सोडलेलं नाही.

सांगोलेकर, रिकामी खोली सहा माद्यांतही जमते. दोन-दोन माद्यांची पिल्लं एकाच दिवशी तोडा. दूध तोडल्यावर बहुतेक माद्या 4 ते 7 दिवसांत माजावर येतात, एकाच आठवड्यात भरतात आणि 114 दिवसांनी एकाच आठवड्यात वितात. दोन-तीन खेपांत तुमच्या सहा माद्यांच्या तीन जोड्या लागतील. दोघींची पिल्लं एका कप्प्यात, ती गेली की कप्पा साबणाने धुवायचा, पूर्ण वाळवायचा, चुना मारायचा. शेण न काढता वर फिनाईल ओतलं तर काही मरत नाही. मध्ये पाइपऐवजी छातीएवढी विटांची भिंत, एवढाच खर्च.

सहा माद्यांचा मालक (सांगोला)

जोड्यांचं पटलं. दोघी पुढच्या आठवड्यात एकदम तोडतो. पण दूध तोडल्यावरचं औषध मी या थंडीत बंद करणार नाही. भिंत झाली, पेंढ्याचा खोका झाला, त्यातून दोन खेपा जगल्या की मग बोलू. तुमचं नुकसान झालं तर महिनाभर उशीर, माझं झालं तर पोरीची फी.

गावोगाव फिरणारा पशुवैद्य (वर्धा)

हे मला मान्य आहे, फक्त दोन अटी. कोणतं औषध, किती दिवस ते डॉक्टरला विचारून, आणि विक्रीआधी औषध बंद ठेवायचे दिवस काटेकोर पाळून. कोलिस्टिन या अँटिबायोटिकला हात लावू नका, अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर 2019 पासून बंदी आहे. बाकी खोकला मोजत जा. कळपाला उठवायचं, मिनिटभर थांबायचं, मग दोन मिनिटं मोजायचं. असं तीनदा. दर आठवड्याला, त्याच वेळी.

माळावरचा वराहपालक, धागाकर्ता

आज पहाटे पाचला मोजलं. पाच महिन्यांच्या 38 जनावरांच्या कप्प्यात तीन वेळचे मिळून 17 ठसके. मोजून झाल्यावर जनावराच्या नाकाच्या उंचीला उकिडवा बसलो. उभं असताना काही वाटलं नव्हतं, खाली अर्ध्या मिनिटात डोळ्यांत पाणी आलं. ताडपत्रीच्या वरच्या दोऱ्या आता सोडल्यात, गवंडी गुरुवारी येतोय. पुढच्या रविवारचा आकडा याच धाग्यावर टाकतो, वाढला तरी टाकतो.