एक खाडा झाला की व्यायाम कायमचाच सुटतो - मदत हवी आहे

नमस्कार. माझं वय ४४, काम दिवसभर बैठं. गेल्या तीन वर्षांत मी व्यायाम सहा वेळा सुरू केला आणि सहाही वेळा तो सुटला. 'सुरुवात कशी करू' हा माझा प्रश्न नाही, सुरुवात मला जमते. पहिले दहा-बारा दिवस अलार्मच्या आधी जाग येते, चालून आल्यावर अंग हलकं वाटतं, चिडचिडही कमी होते. मग कधीतरी मुलीला ताप येतो किंवा रात्री काम लांबतं आणि एक खाडा होतो. दुसऱ्या दिवशी उठायचा कंटाळा येतो. तिसऱ्या दिवशी दाराशी ठेवलेल्या बुटांकडे बघायचंच मी टाळते. आठवड्याभरात कुणीतरी ते उचलून कपाटात ठेवतं आणि मी काही बोलत नाही.

मागच्या वेळचं सांगते. ज्या दिवशी चालले त्या तारखेवर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये हिरव्या पेनाने फुली मारत होते. ओळीने अकरा फुल्या झाल्या. येता-जाता तिकडे बघून बरं वाटायचं. मग १२ तारीख कोरी गेली, १३ पण. पुढे ते कोरे चौकोन बघवेनात, म्हणून १९ तारखेलाच मी पुढच्या महिन्याचं पान वर घेतलं. घरात विचारलं, "महिना संपला का?" मी म्हटलं, चुकून झालं.

आता टाळून चालणार नाही. तपासणीत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.० आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चालायला सांगितलंय. त्या भीतीने मी दोन आठवडे चाललेही. पण भीती ओसरते, तिच्यावर वर्षभर कसं निघणार?

जिमची वर्षाची फी भरून झाली, मैत्रिणीबरोबर ठरवून झालं (तिची कामाची वेळ बदलली), फोनवर दहा हजार पावलांचं लक्ष्य ठेवून झालं. कृपया 'मनावर घे' एवढंच लिहू नका, मनावर घेतलेलंच आहे. ज्यांचा व्यायाम मध्ये सुटला आणि तरी परत सुरू झाला, त्यांनी सांगा: त्या परतीच्या पहिल्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत?

प्रतिसाद १

ताई, मी चार वर्षं चालतोय असं लोकांना सांगतो. खरं तर त्यात पाच मोठे खंड आहेत. सगळ्यात मोठा सहा आठवड्यांचा, घोटा मुरगळला होता तेव्हाचा.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली. अकरा दिवसांत सवय लागायला हवी होती, असं तुम्ही धरून चाललाय. एकवीस दिवसांत सवय लागते हे आपण सगळेच ऐकत आलोय, पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला मध्यक, म्हणजे सगळ्यांच्या आकड्यांतला मधला आकडा, काढला तर ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. आणि तुमच्या कामाचं म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे १२ तारखेच्या कोऱ्या चौकोनाने काहीच बिघडवलं नव्हतं. बिघडलं ते त्यानंतर तुम्ही स्वतःला जे नापास ठरवलंत त्याने.

परतीच्या पहिल्या दिवशी काय केलं विचारलंत. घोटा बरा झाल्यावर मी आठ दिवस निघायचं निघायचं म्हणत होतो, कारण डोक्यात जुना पाऊण तास होता. शेवटी एका संध्याकाळी बूट घातले, फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. झालं. दुसऱ्या दिवशी पुढच्या कोपऱ्यापर्यंत. पहिला आठवडा जुन्याच्या निम्म्याहून जास्त करायचंच नाही, असं बजावलं होतं. तेव्हापासून एकच पथ्य पाळतो: एक दिवस चुकला तर चुकू दे, ओळीने दोन चुकवायचे नाहीत.

प्रतिसाद २

वरचं पथ्य सगळ्यांना झेपणारं नाही हो. मला पाळीची ड्यूटी आहे, कधी ओळीने तीन दिवस निघताच येत नाही. दोन दिवसांचा नियम लावला असता तर मी दर महिन्याला नापास. मी आठवडा मोजते. सोमवार ते रविवार कुठलेही चार दिवस. सोमवारी पाटी कोरी.

प्रतिसाद ३

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आठवडा मोजायची पद्धत शास्त्रालाही धरून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. तुमच्या डॉक्टरांचं अर्धा तास, पाच दिवस हे त्याच १५० चं सोपं रूप. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी व्हायला हवीत अशी अट होती, ती त्या वेळी काढून टाकली. त्यामुळे सात मिनिटं चाललात तर ती सातही धरा. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

दहा हजार पावलांचा आकडा सोडून द्या. तो १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या वैद्यकीय चाचणीतून नाही.

पहाटेचा हट्टही सोडा, असं मला मनापासून वाटतं. साखरेसाठी जेवणानंतर चालणं फार उपयोगी. स्नायू काम करायला लागले की इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरची चढण कमी राहते. शिवाय जेवण रोज होतंच, अलार्म लावावा लागत नाही. ताट ठेवलं की बूट, इतकं साधं ठरवा. आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी द्या: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड. नव्याने केलेल्या व्यायामाने एक ते तीन दिवस अंग दुखतं, ती इजा नव्हे. मात्र छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना गाठा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. स्वतःला नापास ठरवण्याबद्दल वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी आळशी आहे असंच धरून चालले होते. जेवणानंतरचं करून बघते.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनंतर)

कळवायचं राहिलं होतं. रात्रीच्या जेवणानंतर चालतेय. बूट आता दाराशी नाहीत, हात धुवायच्या बेसिनच्या खाली ठेवलेत, हात पुसताना पायालाच लागतात. कॅलेंडरवर फुली न मारता मिनिटं लिहिते आणि रविवारी बेरीज करते. पहिल्या आठवड्यात ६८, दुसऱ्यात १०४. तिसऱ्यात मुलीची परीक्षा होती, मंगळवार ते गुरुवार तिन्ही चौकोन कोरे गेले. शुक्रवारी नेहमीचं ते सुरू झालं, आता काय उपयोग वगैरे. मग फाटकाची गोष्ट आठवली. पावणेदहा वाजले होते. बूट घातले, जिना उतरले, फाटकाला हात लावला आणि परत आले. सहा मिनिटं. तो ६ आकडा लिहिताना हात जरा थरथरला, कारण तीन कोऱ्या चौकोनांनंतर त्या कॅलेंडरवर मी काही लिहिण्याची ही पहिलीच वेळ. त्या आठवड्याची बेरीज ५७ झाली. पान उलटलेलं नाही.

एक विचारायचं होतं. खुर्चीवरून उठ-बस करताना उजवा गुडघा कट-कट वाजतो. दुखत नाही. चालू ठेवू का?

प्रतिसाद ३

दुखत नसेल, सूज नसेल, गुडघा अडकत नसेल तर नुसत्या आवाजाला घाबरू नका, चालू ठेवा. खुर्ची जरा उंच घ्या, हवं तर खाली एक उशी. सावकाश उठा, बसताना त्याहून सावकाश. आठ-आठच्या दोन फेऱ्या पुरेत. आणि सहा मिनिटांच्या त्या शुक्रवारचं फार बरं वाटलं.